तेजरामचे बूट

व्हरांड्यात बुटांचे सतरा जोड ओळीनं, तोंडं माझ्याकडे करून ठेवलेले होते आणि त्यातल्या एका जोडाला बांधलेल्या चिठ्ठीवर माझ्या मुलाच्या अक्षरात तेजरामचं नाव होतं. मी दूध आणायला निघालो होतो, तो रिकामी पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला. तेजराम, बोरसी, दहा नंबर, शनिवारी द्यायचे. भिलाईत तेजराम नावाची पन्नास माणसं असतील, पण दहा नंबरचा पाय घेऊन बोरसीत राहणारा तेजराम एकच. तो पाय माझ्या ओळखीचा होता. बूट मात्र भलतेच होते, पोपटी रंगाचे, काठाला नारिंगी, तळवा पावाच्या लादीएवढा जाड. त्रेसष्ट वर्षांच्या माणसानं असले बूट घालून सकाळी रस्त्यावर धावायचं म्हणजे रिटायरमेंटच्या दिवशी लाजही गेटपासबरोबर जमा करून टाकलेली असावी. हल्ली आमच्या रुआबांध्यावरून ही मंडळी घोळक्यानं धावत जातात. ज्यांनी नोकरीभर पोलाद कारखान्यातल्या मिलच्या फरशीवर पाय ठेवताना नाक मुरडलं, कॅन्टीनपर्यंत जायला जीप मागवली, त्यांना आता डॉक्टरनं घाबरवलंय. ते मरोद्याच्या तलावापर्यंत धापा टाकत जातात, फोटो काढतात, आणि येताना आमच्या रस्त्यांवरची लाल धूळ, चिखल, शेण असं सगळं त्या महागड्या बुटांना लावून आणतात. मग ते बूट माझ्या मुलाकडे येतात.

अमरदीप अंगणातल्या नळापाशी पाटावर बसला होता. त्यानं कोणाचा तरी बूट मांडीवर घेतला होता आणि दात घासायच्या ब्रशनं त्याच्या कडेची माती काढत होता. शेजारी माझ्या बायकोच्या, रुक्माच्या, स्वयंपाकाच्या गंजात कोमट साबणाच्या पाण्यात लेसा भिजत पडल्या होत्या, आतले तळवे तारेवर चिमट्यांनी टांगले होते. तो शीळ वाजवत होता. बूट मांडीवर घेऊन शीळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कोनाचे होय?"

"बाबा, हात नका लावू, ओले आहेत."

"नाव कोनाचं होय ते विचारून राहिलो."

"तेजराम अंकल. मॉर्निंग ग्रुपचे लीडर आहेत ते. चाळीस मेंबर आहेत, उनके थ्रू ही तो सब आ रहे हैं." त्यानं वर पाहिलं. "तुमच्याच मिलमधले होते म्हने. तुमाले ओळखते."

"काय म्हनला?"

"काही नाही. म्हने, बळीरामचा पोरगा होय का तू? मंग तं काम चांगलंच असंल."

मी पिशवी सावरली. दूध आणायला गेलो. रस्त्यात दोघांनी जय भीम केला, मी हात वर केला की नाही ते आठवत नाही. मंग तं काम चांगलंच असंल. हे वाक्य माझ्या कानात असं बसलं की दूधवाल्यानं दोनदा विचारलं, काकाजी, पिशवी उघडता का? ह्या वाक्याचा अर्थ जगात दोनच माणसांना कळण्यासारखा होता, एक मी आणि एक तो, आणि त्यानं ते माझ्या मुलाच्या हाती मला पाठवलं होतं. मुद्दाम पाठवलं की सहज, हे ठरवायचा मी घरी येईपर्यंत प्रयत्न केला. सहज पाठवलं असेल तर जास्तच वाईट, असं मला वाटलं.

अमरदीपनं हा धंदा सुरू केला त्याला दीड वर्ष झालं. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तोही पहिल्या वर्गातला. हथखोजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे चार वर्षं होता, मग एक दिवस टिफिन घेऊन परत आला आणि रायपूरला कोणाच्या तरी दुकानात बूट धुवायचं शिकायला गेला. सहा महिन्यांनी येऊन त्यानं माझ्या व्हरांड्याला रनर्स शू केअर असा बोर्ड लावला. त्या दिवशी आमची जी जुंपली ती शेजारच्या चार घरांनी ऐकली. मी म्हणालो, डिप्लोमा कायले केला, दुसऱ्याचे जोडे पुसाले? तो म्हणाला, "हथखोजमधी बारा घंटे उभा राहत होतो बाबा, अन् ठेकेदार 'अबे'शिवाय हाक मारत नव्हता. इथं लोक मले 'भैया, प्लीज' म्हनते. सांगा, कुठं इज्जत जास्त होय?" मी त्याला सांगितलं की इज्जत कशाला म्हणतात ते तुझ्या आजाला विचारायला हवं होतं. "आजा नाही नं आता," तो म्हणाला. "अन् तुमी सांगत नाही. तुमी भाषन देता." त्यावर रुक्मानं त्याला गप्प केलं. पण ते लागायचं तिथं लागलंच. त्यानंतर मी त्या बोर्डाखालून जाताना मान वर केली नाही.

खरं सांगायचं तर काम तो नीट करतो. हेच मला सहन होत नाही. चिखल ओला असताना हात लावत नाही, आधी वाळू देतो, मग झटकतो. तळव्याला कडक ब्रश, वरच्या जाळीदार कापडाला मऊ. धुऊन झालं की आत पांढरा कागद कोंबतो, बुटाचा आकार राहावा म्हणून. वाळवण्यासाठी त्यानं माझी जुनी लोखंडी आलमारी घेतली, तिला भोकं पाडली, मागे पंखा बसवला, पावसाळ्यासाठी आणि आतलं दिसावं म्हणून एक बल्बही लावला. आलमारीच्या दारावर त्यानं स्वतःसाठीच लिहून ठेवलंय की ऊन लागता कामा नये, गरम हवा लागता कामा नये, डिंक सुटतो आणि फोम आखडतो. मी चौतीस वर्षं भट्टीवर काढली आणि हा मला उष्णतेनं काय होतं ते दारावर लिहून शिकवतो. गिऱ्हाईक आलं की हा बूट दोन्ही हातांनी घेतो, उलटा करतो, टाच कुठे झिजली ते पाहतो आणि सांगतो, अंकल, तुम्ही डावीकडे जोर देता, गुडघा दुखत असेल. ते खूश होतात. पाय पाहणाऱ्यावर माणसं फार लवकर खूश होतात.

माझा बाप लाखांदूरकडचा. आमच्या गावात मालगुजाराच्या आळीतून जायचं तर तो पायातल्या वहाणा काढून काखेत धरायचा. मी लहानपणी त्याच्यामागे चालताना वहाणांचे तळवेच पाहत असे, ते माझ्या तोंडासमोर असायचे. मला प्लांटमध्ये नोकरी लागली आणि पहिले सेफ्टी शूज मिळाले, पुढं लोखंडी टोपी असलेले, एकेक दीड किलोचा. सुट्टीत मी ते घालूनच गावी गेलो आणि त्या आळीतून तीनदा गेलो, तीनदा आलो. कोणी काही बोललं नाही. काळ बदलला होता म्हणा, किंवा दुपारची वेळ होती म्हणा. बाप घराच्या दारात उभा राहून टाचांचा आवाज ऐकत होता. मी आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "वजनदार होय का रे?" हाव म्हटलं. "मंग बरं होय," म्हणाला आणि आत गेला. ही गोष्ट मी अमरदीपला शंभरदा सांगितली आहे. विहारात सांगितली आहे, लग्नांत सांगितली आहे, एकदा माईकवर सांगितली तर बायांनी पदर डोळ्यांना लावले होते. पुढची गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही.

ती चौऱ्याण्णव सालची. तेजराम तेव्हा आमचा फोरमन होता. तोही आमच्याच भागातला, घरी धानाची शेती, आडनाव चांगलं, बोलायला गोड. मोठे साहेब राउंडला यायचे होते आणि त्याचा पाय तेलाच्या खड्ड्यात पडला. बूट घोट्यापर्यंत ग्रीसनं माखला. आम्ही सातजण तिथे उभे होतो. त्यानं सातही जणांवरून नजर फिरवली, घाईत नाही, सावकाश, भाजी निवडावी तशी, आणि ती माझ्यावर थांबली. एका लोखंडी ठोकळ्यावर पाय ठेवून तो म्हणाला, बळीराम, जरा मार रे कपडा. मी वाकलो. आधी गुडघ्यावर बसलो, कारण वाकून नीट होत नव्हतं. जूटचा बोळा रॉकेलमध्ये बुडवला आणि पुसायला लागलो. शिवणीतलं ग्रीस काढलं, छिद्रांभोवतीचं काढलं, टाच उचलायला लावून खालचं काढलं. बूट चमकायला लागला. वर तो दुसऱ्याशी बोलत होता. लेस सुटली होती. ती बांधायला त्यानं सांगितलं नव्हतं. ती मी बांधली. दोन्ही टोकं सारखी करून, गाठ मारून, वरून बोटानं दाबून मी ती बांधली, आणि मग उठलो. त्या आठवड्यात सीनियर ऑपरेटरची लिस्ट त्याच्या टेबलावर होती. माझं नाव तिच्यात आलं. बाकीचे सहाजण त्याबद्दल कधी बोलले नाहीत, त्यातले चार आता मेले. मी मात्र रोज हात धुताना ती गाठ बोटांना लागते की काय असं पाहतो. लोक म्हणतात बळीरामजी फार स्वच्छ आहेत, दहादा हात धुतात.

हे सगळं मी शुक्रवारी दुपारी व्हरांड्यात खुर्ची टाकून, आलमारीचं दार उघडून त्या पोपटी बुटांसमोर बसून आठवत होतो. मे महिना होता. पारा पंचेचाळीसच्या वर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अमरदीप टाउनशिपच्या सेक्टरांकडे बूट गोळा करायला गेला होता, रुक्मा आत कूलरसमोर पडली होती. बूट पाहता पाहता मला असं वाटायला लागलं की त्यांत पाय आहेत. मी उठलो. आमच्या मिलमध्ये भट्टीच्या बगलेला जाड पत्र्याची एक लोखंडी पाटी होती, कायम तापलेली. पावसाळ्यात ओले सेफ्टी शूज आम्ही तिच्यावर ठेवायचो, दहा मिनिटांत खडखडीत. फोरमनपासून खालच्या खलाशी-मदतनिसापर्यंत सगळे ठेवायचे. जाड चामड्याचं काही बिघडत नसे. तेजरामचे बूट उचलून सायकल-शेडकडे जाताना मी मनाशी म्हणत होतो की पंख्यानं वाळत नाहीत, पोराचा वेळ जातो, आपण मिलवाले, पाटीवर वाळवायची सवयच आपल्याला. विचारलंच कोणी तर हे सांगायचं, हे मी स्टुलावर चढायच्या आधी ठरवून ठेवलं होतं. शेडच्या छपराचं टीन असं तापलं होतं की बोट टेकवेना. मी बूट ठेवले. अर्ध्या तासानं ते भाकर उलटवावी तसे उलटवले. मग कडांवर उभे केले. दीड तास मी तिथे डोक्याला दुपट्टा बांधून उभा होतो आणि मला उन्हाचं काही वाटत नव्हतं. उलट बरं वाटत होतं, इतकं बरं की मला स्वतःची थोडी भीती वाटली. टाचेचा तळवा कापडापासून बोटभर सुटला, फोम आखडून पुढचं टोक वर आलं, नारिंगी काठाला सुरकुत्या पडल्या. मग मी ते बूट नेऊन परत आलमारीत पंख्यासमोर ठेवले, दार लावलं, आणि आतला बल्ब चालू केला. हे बल्बचं मी आधी ठरवलं नव्हतं. ते हातानं आपोआप केलं.

मागे वळलो तर रुक्मा दारात उभी.

"टिनावर कायले ठेवले होते?"

"वाळत नव्हते."

"पंखा होता नं." ती माझ्याकडे पाहत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात ती मला एवढा वेळ पाहत राहिलेली मला आठवत नाही. "ऊन होय, अंदर या," म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी अमरदीपनं आलमारी उघडली आणि आरडाओरडा होईल म्हणून मी पेपर तोंडासमोर धरला. काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळानं पेपर बाजूला केला तर तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, बूट समोर. "आई," तो म्हणाला, "मी बल्ब बंद केल्ता नं? सकाळी? मले तं आठवते बंद केल्ता." रुक्मानं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर पुन्हा वर केला. त्यानं बल्ब काढून हातात घेतला, तो इतका गरम होता की हातातून सुटला आणि फुटला. मग तो उरलेले सगळे जोड बाहेर काढून एकेकाच्या तळव्यावर अंगठा दाबून पाहत बसला, ताप पाहावा तसा. "रविवारी रेस होय त्यायची," तो स्वतःशीच बोलत होता. "ग्रुपवर टाकलं तं खतम. चाळीस लोक एका दिवसात जातीन." जेवला नाही. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता, की एका बुटासाठी हा एवढा का खचतो, बूट तेजरामचा आहे. ज्या माणसासाठी याचा जीव कासावीस होतोय त्याला मी दीड तास भाजलं होतं, आणि भाजून निघत होता माझा मुलगा. ही गोष्ट मला समजत होती. समजूनही मी कूस बदलून पडलो.

शनिवारी सकाळी तो बोरसीला निघाला तेव्हा मी म्हणालो, मी येतो. त्यानं आश्चर्यानं पाहिलं, पण मागे बसा म्हणाला. त्याला वाटलं असेल बाप पाठीशी उभा राहतोय. खोटं कशाला सांगू, मला तेजरामचं तोंड पाहायचं होतं.

तोंड चांगलं निघालं. दोन मजली घर, फाटकाला कमान, आणि हा हाफपँटमध्ये, पिंडऱ्या तरण्या माणसासारख्या. "बळीराम! अरे बाप्पा, किती वर्षानं! या, बसा बसा." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. सोफ्यावर बसून त्यानं एक अनवाणी पाय दुसऱ्या मांडीवर घेतला आणि अंगठा कुरवाळत बोलायला लागला. मी त्या पायाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि दुसरीकडे कुठे पाहताच येईना. अमरदीपनं पिशवीतून बूट काढून टीपॉयवर पेपर अंथरून त्यावर ठेवले.

"अंकल, मायाकडून गलती झाली. सुकवताना हीट जास्त झाली. मी नवीन घेऊन देतो, फक्त दोन महिन्याचा टाइम द्या."

तेजरामनं बूट उचलून पाहिला. तळवा लटकत होता. त्याचा चेहरा उतरला, आणि गोडवा कुठच्या कुठे गेला. "अरे, उद्या रेस होय माही. मी सगळ्यायले तुयं नाव सांगतलं. आता काय सांगू त्यायले? ग्रुपवर टाकाच लागंल मले. बाकीच्यायचे तरी वाचले पायजे."

"हो अंकल," अमरदीप म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली. ती मान मी मागून पाहत होतो. मला ती माझी वाटली.

"त्यानं नाही केलं," मी म्हणालो. "मी ठेवले होते. उन्हात, टिनावर."

अमरदीप वळला. तेजराम क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग मांडीवर थाप मारून हसायला लागला. "पाटीवर! अरे, तू पाटीवर ठेवले!" त्याला हसू आवरेना. "अमरदीप, तुले काय मालूम बेटा, आमच्या मिलमधी भट्टीबाजूले पाटी होती. सारे तिच्यावरच बूट सुकवाचे. गेली नाही रे आदत तुई, बळीराम! जाऊ दे, जाऊ दे. पोराचा काही दोष नाही. ग्रुपवर कायले टाकू? जुना जोड पडला होय घरी, त्याच्यात धावतो उद्या." त्यानं आत हाक मारून चहा सांगितला. अमरदीपनं सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. सगळं मिटलं होतं. जी सबब मी स्टुलावर चढायच्या आधी तयार केली होती ती मला उच्चारावीही लागली नाही, त्यानंच ती माझ्या पदरात घातली. मी चहा प्यायलो. चांगला होता, आलं घातलेला. दोन घोट राहिले होते.

"अन् बूट तं तुया बापाच्या हातानं पुसावं," तेजराम अमरदीपला सांगायला लागला. "एक बार काय झालं, मोठे साहेब येऊन राहिले, अन् माहा पाय तेलात. तुया बापानं असा पुसला बूट, असा पुसला, तोंड दिसे त्याच्यात! लेससुद्धा बांधून देल्ली. तुयं काम पाह्यलं अन् मी घरी म्हटलं, हात तोच होय. हे शिकून येत नाही बाप्पा. तुमच्या हातातच असते ते."

तुमच्या. तुझ्या नाही, तुमच्या. म्हणजे कोणाच्या, ते त्या खोलीत अमरदीपला समजलं, मला समजलं, आणि तेजराम मात्र कौतुकानं हसत होता. त्याला ती आठवण प्रिय होती. तीस वर्षं त्यानं ती जपून ठेवली होती, कुठे तरी बायकोला, मित्रांना सांगितली असेल, मिलमध्ये कशी आपुलकी होती ते पटवायला. अमरदीपनं कप खाली ठेवला. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"मी रायपूरले शिकलो अंकल," तो म्हणाला. "सहा महिने." मग म्हणाला, "त्याचे किती देल्ले होते?"

"कायचे?"

"बाबाच्या कामाचे."

तेजराम पुन्हा मोठ्यानं हसला. पोरगं गमतीदार आहे असं त्याला वाटलं. खिशातून त्यानं पाचशेची नोट काढली आणि टीपॉयवर माझ्यासमोर, त्या फाटक्या बुटाशेजारी ठेवली. "घे रे बळीराम, व्याजासकट!"

अमरदीप हसत नव्हता. "घ्या बाबा," तो मला म्हणाला. "काम केलं होतं तुमी. घ्या." तो मनापासून बोलत होता. त्याच्याजवळ जेवढी अक्कल होती तेवढी सगळी लावून तो माझी ती दुपार दुरुस्त करत होता. पैसे घेतले की ते काम झालं असतं, आणि काम झालं की लाज संपली असती. त्याच्या बोर्डाखाली मीही मावलो असतो. मी नोटेकडे पाहिलं. माझा हात मांडीवरून हललासुद्धा, हे मी लपवणार नाही.

"ते काम नव्हतं," मी म्हणालो. आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणालो. "ते काम नव्हतं. अन् हे बूट मी आदतीनं नाही ठेवले, तेजराम. मुद्दाम ठेवले. उलटून पालटून, दीड घंटा."

"कावून? कायले ठेवले?" हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, फक्त मागचा माणूस निघून गेला होता.

"आताच तं सांगतलं तू."

मी त्याला तू म्हणालो. नोकरीभर साहेब म्हणत होतो. तेजरामनं पाय मांडीवरून खाली ठेवला आणि नोट उचलून खिशात घातली. मग तो माझ्याशी नाही, अमरदीपशी बोलला. "बुटाचे पूरे पैसे पाह्यजे मले. अन् ग्रुपच्या लोकायचे जे बूट असतीन तुयाकडे ते आज संध्याकाळपर्यंत वापस कर." त्यानं फोन हातात घेतला होता. आम्ही उठलो तेव्हा तो टाइप करत होता.

बाहेर ऊन चढलं होतं. अमरदीप माझ्यापुढे चालत होता. गाडीजवळ आल्यावर म्हणाला, "सगळं ठीक झालं होतं बाबा. चूप बसता येत होतं तुमाले."

"हाव."

"चाळीस लोक गेले."

"हाव."

त्यानं हेल्मेट घातलं. घालून पुन्हा काढलं. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि मला वाटलं आता हा मला इथंच सोडून जाईल. "काम नव्हतं, तं काय होतं?" तो ओरडला. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं वळून पाहिलं.

"भेव," मी म्हणालो. "प्रमोशनची लिस्ट त्याच्या टेबलावर होती. सातजन होतो आमी. त्यानं मलेच पाह्यलं अन् मी बसलो खाली. अन् लेस बांधाले त्यानं सांगतलंच नव्हतं. ते मी मायाच मनानं केलं."

अमरदीपनं हातातल्या हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाजात माया नव्हती.

"हे तुमी घरी सांगतलं असतं," तो म्हणाला, "तं मी त्याचे बूट घरात घेतलेच नसते."